नोकऱ्या मोजताना आमच्या तालुक्यातल्या बायाबी मोजा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार, एथरच्या बॅटरीवरच्या स्कूटर बनणार अशा घोषणा २०२४ मध्ये झाल्या, तेव्हापासून आपल्या पेपरात आठ-पंधरा दिवसाला बिडकीन, शेंद्रा, म्हणजे संभाजीनगरजवळच्या ऑरिक ह्या नव्या औद्योगिक शहराची काही ना काही बातमी असतेच. इतके हजार कोटी, इतके हजार रोजगार. आमच्या गावात पारावर ती बातमी मोठ्यानं वाचली जाते. मला चांगलंच वाटतं, मराठवाड्यात कारखाने यावेत म्हणून आमच्या आधीच्या माणसांनी लई वाट बघितलीय. पण त्या रोजगाराच्या आकड्यात माझ्यासारखी बाई कुठं बसते हे कुठल्याच बातमीत सापडत नाही, म्हणून हे पत्र लिहायलेय. मोबाईलवर टाईप करतेय, चुका असतील त्या सुधारून घ्या. लांब झालं तर काटा, पण बायांचं जे लिहिलंय ते काटू नका ही विनंती.

माझं सासर घनसावंगी तालुक्यात, माहेर मानवतकडं. दोन्ही गावं जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरची. पैठणहून निघालेला हा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर करत पुढं परभणीकडं जातो, २०८ किलोमीटर. माझे वडील सांगायचे, धरणाची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातानं झाली आणि १९७६ ला इंदिराबाईंनी उद्घाटन केलं. मधे बहात्तरचा दुष्काळ गेला, तेव्हा आमची आजी खडी फोडायला जायची आणि सुकडी खाऊन दिवस काढले. म्हणून कालव्याला पाणी सुटलं की आजी हळद-कुंकू घेऊन काठावर जायची. पाणी आलं म्हणजे काम आलं, एवढंच तिला कळायचं, आणि तिचं बरोबर होतं. पाणी आलं की कापूस, कापूस आला की खुरपणी आणि वेचणी, म्हणजे बायांच्या हाताला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आणि त्याच्याही पुढं काम.

मी स्वतः नववीत असताना पहिल्यांदा दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेले. दहा-बारा बायांची टोळी, एकेकीनं दोन-दोन ओळी धरायच्या, म्हाताऱ्या बाया पुढं आणि आम्ही पोरी मागं. उन्हानं पाठ भाजायची, गुडघे दुखायचे, मी त्या कामाचं कौतुक करत नाही. पण संध्याकाळी हातावर पैसे पडायचे आणि ते पैसे बाईचे असायचे. माझ्या आईनं त्याच्यातून भिशी लावली, त्याच भिशीतून माझ्या कानातलं झालं आणि भावाची दहावीची फी भरली. वडिलांना न विचारता तिनं आयुष्यात जे काही केलं ते खुरपणीच्या पैशातून केलं.

आता ते काम राहिलं नाही, आणि ते कधी गेलं हे कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. कापसाचं थोडं वेगळंय, बीटी २००२ ला आली, उत्पन्न वाढलं, वेचणीचं काम तर उलट वाढलं, कारण आपल्याकडं अजूनबी वेचणी हातानंच होते. पण हळूहळू सगळं शिवार सोयाबीनचं झालं. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यात निघतं, रोख पैसा देतं, वेचणीला माणूस शोधायचं काम नाही, शेतकरी तिकडं वळला तर त्याचं काय चुकलं. पण बघा त्याच्यामागं काय काय निघून गेलं. ज्वारी गेली. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला. कडबा नाही म्हणल्यावर बैल काय खाणार, सोयाबीनच्या भुसकटावर जोडी पोसत नाही. आमच्या दारात लाल कंधारीची जोडी होती ती २०१२ च्या दुष्काळात विकली ती परत आणलीच नाही. बैल गेले म्हणून शेणखत गेलं आणि खताच्या दुकानाची उधारी सुरू झाली. औत गेलं म्हणून सुताराचं काम गेलं, लोहाराचा भाता गेला, आमच्या गावचा सुतार आता जालन्यात फर्निचरच्या दुकानात रोजानं जातो. सालगडी पाडव्याला धरायची पद्धत होती ती गेली, ट्रॅक्टरवाला तासावर येतो, नांगरून, रोटा मारून निघून जातो.

आणि तणनाशक आलं. एका एकराच्या खुरपणीला आठ-दहा बायांचा दिवस जायचा. आता एक माणूस बॅटरीचा पंप पाठीवर घेऊन सकाळी दोन-तीन एकर फवारून जेवायला घरी येतो. त्या आठ-दहा बाया कुठं गेल्या? आमच्याकडं बाईला खुरपणीचे अडीचशे-तीनशे रुपये मिळतात, गड्याला फवारणीचे पाचशेच्या पुढं, म्हणजे काम मशीननं केलं तरी मशीन धरणारा हात गड्याचाच राहिला. काढणीचं तसंच. पहिल्यांदा हडंबा, म्हणजे मळणीची मशीन आली, तेव्हा निदान सोयाबीन विळ्यानं काढून ढीग घालायचं काम बायांकडं होतं, गुत्तं घेऊन आम्ही एकराच्या भावानं काढायचो. आता पंजाबकडून हार्वेस्टर येतात, एक मशीन रात्री लाईट लावून सगळी पट्टी साफ करते. मी पण बोलावते हार्वेस्टर, खोटं कशाला बोलू. आमच्या अडीच एकराचं सोयाबीन पावसात भिजत असताना मी बाया शोधत फिरू का? २०२५ च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यात ज्यांचं काढायचं राहिलं त्यांच्या शेंगांना उभ्या रानात कोंब फुटले. मशीन वाईट नाही. मशीननं माझी कंबर वाचवलीय. पण मशीननं ज्या बायांचा रोज घेतला त्यांना दुसरं काम कुणी दिलं का, एवढंच मी विचारतेय.

सगळे म्हणतात शेतीत माणसं जास्त झाली, त्यांना कारखान्यात न्या. खरंय. देशातली काम करणारी १०० माणसं घेतली तर ४६ जण अजून शेतीतच आहेत, हे सरकारच्याच २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत आलंय. आणि त्याच पाहणीत खेड्यातल्या काम करणाऱ्या बायांचं बघितलं तर १०० मधल्या जवळजवळ ७७ जणी शेतीत. म्हणजे गडी हळूहळू बाहेर पडले, बाया रानातच राहिल्या, आणि रान तर बारीक होत चाललंय. महाराष्ट्रात १९७०-७१ ला एका खातेदाराकडं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ ला १.३४ हेक्टर उरली. आमच्या सासऱ्याचे अठरा एकर होते, वाटण्या होता होता आमच्या वाट्याला अडीच एकर आले. त्या अडीच एकरात मशीनबी आली आणि बायाबी तिथंच.

लेकीच्या इतिहासाच्या अभ्यासात इंग्लंडची औद्योगिक क्रांती होती, तिला पाठ करून घेताना मी पण वाचली. तिकडं सुद्धा सुताची मशीन आली, घरात चरख्यावर सूत कातणाऱ्या बायांचं काम गेलं, सामाईक गायरानाला कुंपणं पडली, लोक गाव सोडून मँचेस्टरसारख्या शहरात गेले, १८५१ ची शिरगणती आली तोवर निम्म्याहून जास्त लोक शहरात राहायला लागले होते. तिथं लई हाल झाले, घाण, रोगराई, लेकरं मशीनखाली. पण एक गोष्ट होती की गिरणीला बाया लागत होत्या, गिरणीनं बायांना आत घेतलं, पगार कमी दिला पण घेतलं. आमच्याकडं शेतातली मशीन पूर्ण आली आणि कारखान्याचं दार मात्र अर्धंच उघडलं. ते दार कसं अर्धं आहे हे मी आतून बघितलंय म्हणून सांगते.

आम्ही २००१ ला वाळूजला गेलो. लेकराचे वडील बारावी नापास, गावातलाच एक जण आधी गेलेला होता त्याच्या ओळखीनं. बजाजचा कारखाना १९८५ पासून तिथं आहे, त्याच्याभोवती पार्ट बनवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्या शेकड्यानं उभ्या राहिल्या, तसल्याच एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या मशीनवर लागले. राहायला रांजणगाव शेणपुंजीत पत्र्याची खोली, दहा बाय दहा, सहाशे रुपये भाडं, चार बिऱ्हाडात एक संडास. पाणी टँकरचं, दोन ड्रम भरून ठेवायचे आणि आठ दिवस पुरवायचे. ज्या जायकवाडीच्या कालव्यात मी लहानपणी पाय सोडून बसायचे त्याच धरणातलं पाणी विकत घेत होते. आजूबाजूला कोण तर गंगाखेडचे, जिंतूरचे, गेवराईचे, उदगीरचे, सगळे आपल्यासारखेच, गावाकडं दोन-चार एकर असलेले. कुणाचं मन खोलीत नव्हतंच. पाऊस पडला की सगळी चाळ गावाकडं फोन लावायची, तिकडं पडला का म्हणून.

पगार कंपनीचा नव्हता, गुत्तेदाराचा, म्हणजे कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा. एकोणीस वर्षं ह्यांनी त्या औद्योगिक वसाहतीत काढली आणि एक दिवससुद्धा कुठल्या कंपनीच्या हजेरीपटावर ह्यांचं नाव चढलं नाही. सात महिने झाले की ब्रेक, दहा-पंधरा दिवस घरी बसायचं, मग दुसऱ्या गुत्तेदाराच्या नावानं परत त्याच मशीनवर. मशीन तीच, डाय तीच, सुपरवायझर तोच, फक्त गेटपासचा रंग वेगळा. बारा तासाची शिफ्ट. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात आठवड्याला ४८ तास आणि जास्तीच्या तासाला दुप्पट पगार लिहिलेला होता, पण आम्हाला ओटी सिंगलच मिळाला, आणि विचारायला गेला की उद्यापासून येऊ नको. गेटवर रोज सकाळी पन्नास पोरं उभी असायची, विचारणार कोण.

२००९ ला प्रेसमध्ये ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातानं दाबल्याशिवाय मशीन खाली येत नाही, हात आत राहू नये म्हणूनच तसं असतं. तिथं प्रॉडक्शन वाढावं म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेलं होतं. एका हातानं पार्ट ठेवायचा, दुसऱ्या हातानं बटण. रात्रपाळीला पहाटे चार वाजता झालं. दवाखान्यात गुत्तेदाराचा माणूस सोबत आला आणि म्हणला, मोटारसायकलवरून पडलो म्हणून सांगा, खर्च आम्ही करतो. तसंच सांगितलं. लेक तेव्हा वर्षाची होती, मुलगा सात वर्षांचा, दुसरं काय करणार होतो. मी हे आज पहिल्यांदा लिहून काढतेय. कंपनीचं नाव लिहीत नाही, आणि माझं पण लिहीत नाही, कारण आमचा मुलगा आता तिकडंच गुत्तेदाराकडं आहे.

मीसुद्धा काम केलं. बोटं गेल्यावर घर चालवायला मी पॅकिंगला गेले, पार्ट मोजून पिशवीत भरायचे, स्टिकर लावायचं, खोक्यात घालायचं. दिवसभर उभं राहून. बसायला स्टूल मागितलं तर स्पीड कमी होतो म्हणले. शेजारची वायरिंगच्या कंपनीत होती, तिथं बऱ्याच बाया होत्या, त्यांचा हात बारीक कामाला चांगला म्हणून. बायांना कारखान्याचं काम जमत नाही असं कुणी म्हणलं तर मी ऐकून घेणार नाही. आमच्या लाईनवर मराठी दहावी शिकलेल्या बाया व्हर्नियरनं, म्हणजे बारीक माप मोजायच्या पट्टीनं, माप घ्यायला शिकल्या होत्या, मी त्यातली एक. पण शिकून पगार वाढायचा नाही आणि लग्न झालेली, लेकरू असलेली बाई म्हणलं की पहिला ब्रेक तिला. पाळणाघर नाही, लेकीला चाळीतल्या म्हातारीकडं ठेवायचे आणि अर्धा पगार तिलाच द्यायचे.

आपल्या महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंडे नावाचा माणूस होऊन गेला, गिरणी कामगारांसाठी भांडला आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. मुंबईतल्या त्या गिरणीवाल्यांना रविवार मिळून आता १३० वर्षाच्या वर झाली. माझ्या मुलाला महिन्यातले दोन रविवार कामावर जावं लागतं. तो आयटीआय फिटर आहे, कागदावर ट्रेनी आहे, तीन वर्षं झाली ट्रेनीच आहे.

२०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा गुत्तेदारानं फोन उचलायचं बंद केलं. खोलीचं भाडं, किराणा, सगळं थांबलं. आम्ही गाव जवळ म्हणून सामान टाकून कसंबसं आलो. ८ मे च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले ते आपल्याला आठवत असेल, मध्य प्रदेशची पोरं, जालन्यात स्टीलच्या कारखान्यात कामाला होती, रुळारुळानं चालत निघाली होती आणि थकून रुळावरच झोपली. रुळावर पडलेल्या भाकरीचा फोटो सगळ्यांनी बघितला. जालन्याच्या भट्ट्यांवर बिहार, यूपी, एमपीची माणसं राबतात आणि जालन्याची माणसं वाळूजला, पुण्याला राबतात. ज्या गावात कारखाना आहे तिथं मजूर बाहेरचाच पाहिजे, कारण बाहेरचा माणूस खोलीवरच राहतो, सणाला गावी जात नाही, कुणाला घेऊन भांडायला येत नाही. ती १६ पोरं आमच्यासारखीच होती, आमचं गाव ८० किलोमीटरवर होतं आणि त्यांचं आठशे, एवढाच फरक.

गावात आलो तेव्हा बघितलं की माझ्या बरोबरीच्या बाया घरात नाहीत. विचारलं तर कोयत्यावर गेल्या. पूर्वी आमच्या गावातून दोन-चार कोयते जायचे, ऊसतोडीला म्हणलं की बीडची माणसं असंच डोक्यात होतं. आता आमच्या गावातून तीस-चाळीस कोयते जातात, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लक्षात घ्या, बाईला वेगळं मोजतच नाहीत, हिशोब जोडीचा, उचल म्हणजे आगाऊ पैसे नवऱ्याच्या हातात, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. दसरा-दिवाळीला गेली की चैत्र-वैशाखात परत. खुरपणी गेली, काढणी गेली, कारखान्यानं घेतलं नाही, मग बाईनं जायचं कुठं, ती साखर कारखान्याच्या कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत गेली. २०१९ ला सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली तर १३,८६१ बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा जणीमागं एक. खाडा झाला तर दंड कापतात, पाळीचे चार दिवस बसून राहता येत नाही, पोटात दुखलं की डॉक्टरनं सांगितलं काढून टाका आणि काढली. कितीतरी जणींची चाळिशीच्या आत. माझी एक चुलत जाऊ त्यातली आहे, आता तिच्याच्यानं पाण्याची घागर उचलत नाही.

इंग्लंडात १८३३ ला कायदा झाला की ९ वर्षाखालचं लेकरू कापडाच्या गिरणीत कामाला ठेवायचं नाही. आमच्या गावातली ९ वर्षाची पोरगी आईबापामागं फडात जाऊन वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करते, लहान भावाला सांभाळते आणि एप्रिलमध्ये परत येते तेव्हा वर्गातल्या पोरी पुढं गेलेल्या असतात. हंगामी वसतिगृह आहे म्हणतात, पण वयात आलेल्या पोरीला कुणी आई मागं ठेवून जात नाही, आणि मग तिचं लग्न लवकर लागतं, कारण लग्न झालं की एक कोयता नवीन तयार होतो. आणि आता ऊसतोडीला पण हार्वेस्टर आलंय, सरकार त्याला सबसिडी देतंय. ते काम मरणाचंच आहे, बंद झालं तर मला आनंद आहे. पण खुरपणीच्या वेळेला जे झालं तेच परत होणार का? मशीनला सबसिडी देताना, ज्या कोयत्याच्या जागी ती मशीन आली त्या बाईला काय, हा एक रकाना त्या फॉर्मात कुणीतरी घालावा.

पाण्याचं थोडं लिहिते, नाहीतर कालव्याची लेक असून विसरली म्हणाल. जायकवाडीचा जिवंत साठा साधारण ७६ टीएमसी, धरण बांधलं ते आमच्या शेतीसाठी. आता शहर त्याच्यावर, वाळूज-चिकलठाणा-शेंद्रा त्याच्यावर, बिडकीन पण त्याच्यावरच येणार. २००३ च्या राज्याच्या जलनीतीत पिण्यानंतर दुसरा नंबर कारखान्याला दिला होता, मग ओरड झाल्यावर २०११ ला शेतीला दुसरा केला. धरण भरलं तर कुणाचंच भांडण नाही. भरलं नाही तर काय होतं ते २०१५-१६ ला सगळ्यांनी बघितलं, परळीचं थर्मल वीज केंद्र पाण्यावाचून बंद पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, बिअरच्या कंपन्यांचं पाणी कापायला हायकोर्टाला सांगावं लागलं, आणि आमच्या कालव्यात शेरडं चरत होती. तरी आमच्याच पट्ट्यात ऊस वाढतोच आहे, ह्याला शेतकरी एकटा जबाबदार नाही, उसाला कारखाना दारात येऊन घेऊन जातो, तूर-ज्वारीला कोण येतं? कारखाना ज्या पिकाला दार उघडतो ते पीक शेतकरी घेतो. दुसऱ्या पिकाला दार उघडलं तर ते घेईल.

म्हणूनच मला म्हणायचंय की कारखाना फक्त संभाजीनगरच्या भोवती नको. पाच क्विंटल कापसाची एक गाठ होते, १७० किलोची. आमच्या भागातल्या जिनिंगमध्ये कापूस जातो, सरकी वेगळी, रुई वेगळी, गाठ बांधली की ट्रकनं गुजरात नाहीतर तमिळनाडूकडं. सूत तिकडं, कापड तिकडं, शिलाई तिकडं, आणि सगळ्यात जास्त बायांना काम शिलाईत असतं. आमच्या आजीकडं नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या कापडाचं एक धडुतं होतं, तिनं शेवटपर्यंत जपलं, म्हणायची हे आपल्या इकडच्या कापसाचं. ती मिल बंद पडली. नंतर सहकारी सूतगिरण्या उभ्या केल्या, त्यातल्या कितीतरी गंजत पडल्यात, शेड आहे, जमीन आहे, रस्ता आहे, लाईटचे खांब आहेत. त्या शेडमध्ये शिलाईचं युनिट का होत नाही? मानवत, सेलू, परतूर, घनसावंगी, अशा एकेका तालुक्याला दोनशे बायांचं एक युनिट, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल असं. सोयाबीनचं पण तेच, त्यात तेल असतं अठरा टक्के आणि बाकी बहुतेक पेंड, आम्ही दाणा विकून मोकळं होतो आणि तेलाची पिशवी दुकानातून आणतो. डाळीची मिल, तेलाची मिल तालुक्याला झाली तर त्यात पॅकिंग, ग्रेडिंग, वजन, हिशोब ही सगळी कामं बायांना येण्यासारखी आहेत.

आणि बिडकीनला ज्या कंपन्या येतायत त्यांना जमीन, पाणी, वीज, सवलत सगळं सरकार देतंय, तर सरकारनं त्यांच्याकडून दरवर्षी लिहून घ्यावं आणि पेपरात छापावं की कायम किती, गुत्तेदाराकडं किती, त्यात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यातले किती आणि बाया किती. एक आकडा नको, हे चार आकडे पाहिजेत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरातल्या सुनांना काय मिळालं हे पण विचारा, कारण जमिनीचा चेक गड्याच्या नावानं निघतो, गाडी येते, बंगला होतो, आणि जी बाई त्या रानात राबत होती तिच्या हातात आता ना रान ना काम. दुसरं, बॅटरीचा पंप, ड्रोन, ट्रॅक्टर, हार्वेस्टर हे चालवायचं ट्रेनिंग बायांना द्या, नुसतं फोटोपुरतं नको, लायसन काढून द्या आणि बचत गटाच्या नावानं मशीन द्या. ज्या मशीननं आमचं काम घेतलं तिचं स्टेअरिंग आमच्या हातात आलं तर आमची तक्रार राहणार नाही.

आमची लेक आता बारावीला आहे. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय. तिचे वडील पहिल्यांदा नाही म्हणले, त्यांना प्रेस आठवली असणार, मग म्हणले करू दे, पण कंपनीच्या हजेरीवर लागली तरच पाठवीन, गुत्तेदाराकडं नाही. त्यांच्या त्या अटीवर आमचं घर सध्या थांबलेलं आहे. तालुक्याला जायची एसटी सकाळी सातला आहे आणि परतीची संध्याकाळी साडेसहाला, ती पण कधी येते कधी नाही. दिवाळीनंतर साडेसहाला अंधार पडतो. पोरींच्या क्लासच्या वेळेला धरून एक बस पाचची करावी म्हणून आम्ही गावातल्या बायांनी डेपोला अर्ज दिलाय, एकोणचाळीस जणींच्या सह्या आहेत, चार अंगठे आहेत. अजून उत्तर नाही. बाकीचं छापायला जागा नसेल तर निदान ह्या बसचं छापा.

आपली,
घनसावंगी तालुक्यातली एक शेतकरी बाई,
जि. जालना